'नो सिग्नल' : एका काळ्या पडद्याची वंशावळ

रात्रीचे पावणेदोन. माझा ऑन-कॉलचा आठवडा. सर्व्हरवर काहीतरी पेटलं होतं, मेसेजचा पाऊस पडत होता, आणि नेमका तेव्हाच टेबलावरचा मोठा मॉनिटर काळा पडला. लॉगच्या चार खिडक्या त्याच्यावर उघड्या होत्या. त्या सगळ्या धाडकन लॅपटॉपच्या पडद्यावर येऊन एकमेकींवर आदळल्या. केबल काढली, फुंकर मारली (का मारतो आपण फुंकर, देव जाणे), परत लावली. चित्र आलं. खुर्चीत टेकलो, गेलं. पुन्हा उठून केबल काढली, लावली. आलं. बसलो, गेलं.

बाबा तेव्हा आमच्याकडे पुण्याला आले होते. पाणी प्यायला उठले आणि दारात थांबले.

"काय झालं रे?"

"मॉनिटर जातोय."

"वास येतोय का?"

"नाही."

"रेघा? सावली? कडेला आकसतोय?"

"काहीच नाही बाबा. नुसता काळा. खाली एक चौकट येते, 'नो सिग्नल' म्हणून."

बाबा जरा वेळ बघत राहिले. "मग तो बिघडलेला नाही," म्हणाले, "त्याच्याशी कुणी बोलत नाहीये."

बाबांचं कराडला टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. २०१४ साली बंद केलं. त्याआधी तीसेक वर्षं त्यांनी पिक्चर ट्यूबचे टीव्ही उघडले, आणि नंतर नंतर सायबर कॅफेंचे आणि पतसंस्थांचे कॉम्प्युटर मॉनिटरही. मी कॉम्प्युटरचा इंजिनिअर, पण पडदा काळा का होतो हे मला त्या रात्री माहीत नव्हतं. पुढचे काही आठवडे मी ते शोधत बसलो. हा लेख त्या शोधाचा.

*

सुरुवात करू २ एप्रिल १९८७ पासून. त्या दिवशी आयबीएमने पीएस/२ नावाची संगणकमालिका जाहीर केली आणि तिच्याबरोबर व्हीजीए आलं. पंधरा पिनांचं, निळ्या टोपीचं, दोन्ही बाजूंना स्क्रू असलेलं ते कनेक्टर तुम्ही कॉलेजच्या सेमिनार हॉलमध्ये नक्की पाहिलं असेल. ६४० बाय ४८० ठिपके, १६ रंग. आजच्या हिशेबात काहीच नाही. पण त्या केबलमधून जे वाहायचं ते समजून घेण्यासारखं आहे.

तीन तारांवर लाल, हिरवा आणि निळा. प्रत्येकावर शून्य ते ०.७ व्होल्ट. जितका व्होल्टेज जास्त, तितका तो रंग उजळ. आणखी दोन तारांवर ताल : एक सांगणार 'ओळ संपली, डावीकडे परत जा', दुसरी सांगणार 'पान संपलं, वर परत जा'. बस्स. मॉनिटरच्या आतला इलेक्ट्रॉनचा झोत त्या तालावर डावीकडून उजवीकडे धावत राहायचा, आणि ज्या क्षणी जो व्होल्टेज येईल तो काचेवर उमटवायचा.

यात दोन गोष्टी आहेत. पहिली : बिघाड दिसायचा. लाल रंगाची पिन वाकली की सगळं चित्र मोरपंखी. निळी गेली की पिवळं. ताल चुकला की चित्र वर वर पळायचं किंवा तिरकं फाटायचं. केबल लांब असली की अक्षरांच्या उजव्या अंगाला सावली. म्हणून बाबा गिऱ्हाइकाला फोनवर आधी एवढंच विचारायचे, "दिसतंय काय ते सांगा." निम्मं निदान तिथेच व्हायचं.

दुसरी गोष्ट : हे बोलणं एकतर्फी होतं. संगणक बोलायचा, मॉनिटर ऐकायचा. समोर मॉनिटर आहे की नाही, असला तर कसला, त्याला काय झेपतं, यातलं जवळजवळ काहीच संगणकाला कळायचं नाही. जवळजवळ म्हणालो, कारण व्हीजीएच्या चार पिना ओळखीसाठी राखलेल्या होत्या. त्यातल्या काही आत जमिनीला जोडलेल्या असत, काही सुट्या. त्यावरून संगणकाने ओळखायचं की समोरचा रंगीत आहे की कृष्णधवल. नाव नाही, गाव नाही, नुसती मान हलवणं.

या एकतर्फी बोलण्यात खरा धोका होता. पिक्चर ट्यूबला पंचवीसेक हजार व्होल्ट लागतात. ते तयार करणारा ट्रान्सफॉर्मर, ज्याला आपल्याकडचे मेकॅनिक 'ईएचटी' म्हणतात, तो ओळीच्या तालावरच चालतो. आपल्या जुन्या टीव्हीत हा ताल सेकंदाला १५,६२५ ओळींचा होता : ६२५ ओळी गुणिले २५ चित्रं. लहानपणी टीव्ही चालू केला की एक बारीक शिट्टी ऐकू यायची ना? तीच ती. (बाबांना ती चाळिशीनंतर ऐकू येईनाशी झाली. ते मला हाक मारायचे, "शिट्टी येतीय का बघ जरा.") आता या यंत्राला भलताच ताल दिला, तर ओळीचा भार वाहणारा ट्रान्झिस्टर तापतो आणि जातो. १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीबरोबरच्या हिरव्या अक्षरांच्या मॉनिटरची तर ख्यातीच होती, की चुकीचा प्रोग्राम त्याला इजा करू शकतो. सॉफ्टवेअरने हार्डवेअर जाळणं ही तेव्हा अफवा नव्हती.

नव्वदच्या दशकात लिनक्स वापरणाऱ्यांना हे पुरेपूर माहीत होतं. पडदा सुरू करायचा तर 'मोडलाइन' नावाची एक ओळ हाताने लिहावी लागे : ठिपक्यांचा वेग किती, ओळ किती लांब, तालाचा ठोका कुठे सुरू, कुठे बंद. एरिक रेमंड यांच्या नावाची एक मार्गदर्शिकाच होती त्यावर, आणि तिच्यात स्पष्ट इशारा होता, की आकडे चुकले तर मॉनिटर जाऊ शकतो, जबाबदारी तुमची. मॉनिटरच्या पुस्तिकेतले आकडे बघायचे, कॅल्क्युलेटर घ्यायचा, आणि श्वास रोखून एंटर मारायचा.

*

मग कुणीतरी म्हणालं असणार, मॉनिटरलाच विचारलं तर?

व्हीजीएनंतर प्रत्येक कंपनी आपापलं 'सुपर व्हीजीए' काढू लागली होती. त्या गोंधळाला लगाम घालायला एनईसीच्या पुढाकाराने आणि आणखी आठ ग्राफिक्स कंपन्यांच्या साथीने व्हेसा ही संस्था उभी राहिली. तिने १९९४ साली एक छोटीशी, पण माझ्या मते पडद्याच्या इतिहासातली सगळ्यात मोठी गोष्ट केली : मॉनिटरला आत्मचरित्र दिलं.

हे आत्मचरित्र १२८ बाइटचं. एका साध्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजएवढं. त्याचं नाव ईडीआयडी. मॉनिटरच्या आत दहा-वीस रुपयांची एक चिप, तिच्यात हे कोरलेलं. व्हीजीएच्या त्या जुन्या ओळखपिनांपैकी दोन पिना आता या संवादाला दिल्या गेल्या. संवादाची भाषा उसनी होती : फिलिप्सने १९८२ साली उपकरणांच्या पोटातल्या चिप्सना आपसात बोलता यावं म्हणून केलेली दोन तारांची पद्धत. शिवाय एका पिनेवर संगणकच पाच व्होल्ट पुरवू लागला, म्हणजे मॉनिटर बंद असला तरी त्याचं आत्मचरित्र वाचता यावं.

सुरुवात ठरलेली : एक शून्य बाइट, सहा वेळा २५५, पुन्हा एक शून्य. हा नमस्कार. मग कंपनीची तीन अक्षरं, पाच-पाच बिटांत कोंबून दोन बाइटांत बसवलेली. मग जन्मतारीख : कितवा आठवडा, कितवं वर्ष. वर्ष १९९० पासून मोजायचं, म्हणजे २९ लिहिलं असेल तर २०१९. मग पडद्याची लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये. मग कोणकोणते आकार झेपतात त्याची यादी. शेवटचा बाइट असा निवडायचा की सगळ्यांची बेरीज २५६ ने निःशेष भागली जावी. भागली नाही तर समजायचं, वाचण्यात काहीतरी चुकलं.

हे सगळं इतक्या काटकसरीत बसवताना भविष्याचा अंदाज थोडा चुकला. यादीतल्या 'स्टँडर्ड' आकारांची रुंदी एकाच बाइटात लिहायची म्हणून तिला ८ ने भागून ३१ वजा करायचे. म्हणजे ८ ने भाग जाणारीच रुंदी लिहिता येते. पुढे बाजारात १३६६ बाय ७६८ चे पडदे आले, स्वस्त टीव्हीत आणि आपल्या सगळ्यांच्या पहिल्या लॅपटॉपमध्ये. १३६६ ला ८ ने भाग जात नाही! मग त्या बाइटांत कुणी १३६० लिहिलं, कुणी १३६८. लिनक्सच्या कर्नलमध्ये आजही एक तुकडा आहे, जो म्हणतो : असा आकडा दिसला तर तो १३६६ समजा. त्याच फाइलमध्ये चुकीचं आत्मचरित्र लिहिणाऱ्या मॉनिटरांची एक यादी आहे. याने मिलिमीटरच्या जागी सेंटिमीटर लिहिलेत, याने पहिलाच आकार चुकीचा दिलाय, वगैरे. गावातल्या दुकानदाराकडे उधारीवाल्यांची वही असते, तशी. मी ती फाइल वाचताना एकटाच हसत होतो.

आणि इथेच काळ्या पडद्याचं पहिलं बीज पडलं. कारण आता बोलायच्या आधी विचारायचं ठरलं. विचारलं आणि उत्तर आलं नाही, तर काय करायचं? व्हीजीएच्या काळात फारसं बिघडायचं नाही. आमच्या कॉलेजच्या प्रोजेक्टरला एक जुनाट स्प्लिटर होता, त्याच्यातून या दोन तारा पुढे जातच नव्हत्या बहुधा. संगणक अंदाजाने १०२४ बाय ७६८ पाठवायचा, चित्र जाडंभरडं यायचं, सेमिनार पार पडायचा. इंटेल, एएमडी, डेल, लेनोवो, सॅमसंग आणि एलजी यांनी डिसेंबर २०१० मध्ये जाहीर केलं होतं की २०१५ पर्यंत व्हीजीए निवृत्त करू. आमच्या सेमिनार हॉलला ती बातमी पोहोचली नव्हती. बरंच झालं.

*

एप्रिल १९९९ मध्ये डीव्हीआय आलं, डिसेंबर २००२ मध्ये एचडीएमआय. चित्र आता व्होल्टेजच्या चढउतारात नाही, आकड्यांत जाऊ लागलं. फुल एचडी चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायचं तर तीन जोड्यांपैकी प्रत्येक जोडीवरून सेकंदाला जवळपास दीडशे कोटी बिट धावतात. या वेगात सावली वगैरे प्रकार उरत नाही. बिट ओळखता आला तर चित्र जसंच्या तसं. तारेत थोडा दोष वाढला की इकडेतिकडे ठिणग्यांसारखे ठिपके. आणखी थोडा वाढला की काहीच नाही. बाबांच्या टीव्हीत चित्र हळूहळू आजारी पडायचं. इथे ते कड्याच्या टोकापर्यंत धडधाकट चालत जातं आणि मग एकदम दिसेनासं होतं.

डीव्हीआयने आणखी एक तार आणली, 'हॉट प्लग डिटेक्ट'. संगणक पाच व्होल्ट पाठवणार, मॉनिटर त्याच्या उत्तरादाखल ही तार वर उचलणार : 'मी आहे.' तार खाली पडली की संगणक समजणार, हा गेला. मग तो चित्र पाठवणं थांबवतो, खिडक्या गोळा करतो, दुसऱ्या पडद्यावर लोटतो. पूर्वी चालू संगणकाची केबल ओढली तर संगणकाला पत्ताही नसायचा. आता एका तारेच्या शब्दावर सगळा संसार हलतो.

याच सुमारास तिसरं कारण आलं, आणि या कारणाबद्दल मला राग आहे हे आधीच सांगून टाकतो.

डीव्हीडीचं कुलूप १९९९ साली फुटलं होतं आणि चित्रपट कंपन्या धास्तावल्या होत्या. आकड्यांत जाणारं चित्र म्हणजे केबलमधून निघणारी तंतोतंत प्रत. ती कुणी मध्येच पकडली तर? यावर इंटेलने एचडीसीपी तयार केलं. पहिली आवृत्ती फेब्रुवारी २००० ची. प्रत्येक यंत्राला ४० गुप्त चाव्या, प्रत्येक ५६ बिटांची, आणि एक जाहीर ओळखक्रमांक : ४० बिट, त्यात बरोबर २० एक आणि २० शून्य. दोन यंत्रं भेटली की एकमेकांचे क्रमांक घेतात, समोरच्याच्या क्रमांकात जिथे जिथे एक आहे तिथल्या आपल्या चाव्यांची बेरीज करतात. दोघांची बेरीज सारखी येते, कारण चाव्या तशाच वाटलेल्या असतात. जमलं तर चित्र कुलूपबंद होऊन पुढे जातं. आणि एकदा जमलं म्हणून सुटका नाही. दर १२८ चित्रांनंतर, म्हणजे साधारण दर दोन सेकंदांनी, पुन्हा पडताळणी. ती चुकली की पुन्हा पहिल्यापासून ओळखपरेड, आणि तोवर पडदा काळा.

म्हणजे मी विकत घेतलेला मॉनिटर, मी विकत घेतलेला लॅपटॉप, मी पैसे भरलेला चित्रपट, आणि ही दोन यंत्रं दर दोन सेकंदांनी एकमेकांना विचारणार की मी चोर तर नाही.

गंमत म्हणजे हे कुलूप कच्चं आहे हे लगेचच कळलं होतं. २००१ मध्ये क्रॉस्बी, गोल्डबर्ग, जॉन्सन, साँग आणि वॅग्नर या पाच संशोधकांनी दाखवलं, की सगळं गणित साध्या बेरजेचं असल्याने सुमारे ४० यंत्रांच्या चाव्या हाती आल्या तर मूळ किल्लीच काढता येईल. नील्स फर्ग्युसन या क्रिप्टोग्राफरने त्याच वर्षी सांगितलं, की मीही हे फोडलंय, पण अमेरिकेच्या कायद्याच्या भीतीने छापणार नाही. सप्टेंबर २०१० मध्ये ती मूळ किल्ली इंटरनेटवर उघड झाली आणि ती खरी असल्याचं इंटेलने मान्य केलं. पुढे वेगळं, पक्कं गणित वापरून एचडीसीपीच्या नव्या आवृत्त्या आल्या. पण जुन्या यंत्रांमधली ती दर दोन सेकंदांची चौकशी थांबली नाही. ज्याला प्रत काढायची त्याला दार उघडं, आणि ज्याने सरळ दुकानातून टीव्ही आणला तो चित्रपटाच्या मध्येच काळ्या पडद्याकडे बघत बसलाय. दुकानाच्या शेवटच्या वर्षांत बाबांकडे असे टीव्ही येत. उघडून बघितलं तर आत सगळं ठीक. "याला काही झालेलं नाही" हे गिऱ्हाइकाला सांगायचं आणि पैसे घ्यायचे नाहीत. ट्यूब गेल्या, बीयू-२०८ ट्रान्झिस्टर गेले, ईएचटी गेले, आणि आता तर बिघाडही राहिला नाही. दुकान बंद केलं ते याच सुमारास.

*

डिस्प्लेपोर्टचं थोडक्यात सांगतो, कारण माझा मॉनिटर त्यावर होता. व्हेसाने मे २००६ मध्ये आणलं. यात चित्र इंटरनेटसारखं पाकिटांत जातं, आणि जाण्याआधी तारेची परीक्षा होते, तिला 'लिंक ट्रेनिंग' म्हणतात. संगणक ठरावीक नक्षी पाठवतो. मॉनिटर आधी तिचा ठेका पकडतो, मग अक्षर ओळखतो आणि एका बाजूच्या तारेवरून सांगतो : जमलं, किंवा आवाज वाढव, किंवा हा वेग झेपत नाही, खाली ये. हॉट प्लगची तार इथे दोन अर्थांनी वापरतात. अर्धा ते एक मिलिसेकंद खाली गेली तर अर्थ 'अरे, इकडे लक्ष दे'. दोन मिलिसेकंदांहून जास्त गेली तर 'मी चाललो'. बोलावणं आणि निरोप यांत एवढंच अंतर!

२०१४ मध्ये यूएसबी-सी आलं आणि त्याच वर्षी त्यातून डिस्प्लेपोर्ट पाठवायची सोय झाली. म्हणजे आता आधी दोन टोकांनी ठरवायचं की केबल सुलटी आहे की उलटी, मग कोण कुणाला वीज देणार, मग या तारा चित्रासाठी मोकळ्या करायच्या का, मग आत्मचरित्र, मग तारेची परीक्षा, मग वाटलं तर चोर-पोलीस. यातलं कुठलंही एक बोलणं फिसकटलं तरी तुम्हाला दिसतं ते एकच.

*

त्या रात्री सर्व्हरचं काम मी लॅपटॉपच्या छोट्या पडद्यावर कसंबसं संपवलं. अडीच वाजता लॉग उघडला. मॉनिटर 'गेला', 'आला', 'गेला', 'आला'. अकरा वेळा. ड्रायव्हर जुना असेल म्हणून तो बदलायला घेतला.

बाबा सोफ्यावरच बसले होते. म्हणाले, "एक सांगू का? तू खुर्चीत बसलास की जातोय. उठलास तरी जातोय. नुसता बसून असलास की काही होत नाही."

मी हसलो. मग उठलो. गेला. बसलो. गेला.

डिसेंबरची कोरडी हवा, अंगात फ्लीसचं जाकीट, आणि खाली गॅसच्या दांड्यावर वरखाली होणारी ऑफिसची खुर्ची. नंतर शोधलं तर डिस्प्लेलिंक या कंपनीच्या मदत-पानावर हे चक्क लिहिलेलं सापडलं : गॅस-लिफ्टच्या खुर्चीवरून माणूस उठला-बसला की स्थिर विजेचा झटका निर्माण होऊ शकतो, केबल तो पकडते, आणि पडदा काही क्षण काळा पडतो. दोन मिलिसेकंद पुरतात, हे मला तोवर माहीत झालं होतं.

सकाळी बाबांनी त्यांचा जुना मल्टिमीटर बॅगेतून काढला. निवृत्त माणूस मुलाकडे राहायला येताना मल्टिमीटर का आणतो, हे मी विचारलं नाही. भिंतीच्या सॉकेटला फेज आणि अर्थमध्ये दोनशे तीसच्या आसपास. माझ्या टेबलाखालच्या एक्स्टेन्शन बोर्डात तोच आकडा चाळीस-पन्नासमध्ये कुठेतरी भटकत होता. बोर्ड उघडला तर अर्थची तार आत नुसती लोंबत होती, कधी जोडलेलीच नव्हती. "म्हणजे लॅपटॉपला हात लावल्यावर मुंग्या येतात त्या याच्याच," बाबा म्हणाले. मी ते वर्षभर चार्जरच्या माथी मारत होतो.

तार त्यांनी जोडली. त्याच दिवशी मी दोन मीटरची केबल काढून एक मीटरची, चांगल्या जाळीची आणली आणि ती खुर्चीपासून लांब, टेबलाच्या मागून नेली. त्यानंतर पडदा गेला नाही. दोन्ही गोष्टी एकदम केल्यामुळे नेमका गुण कशाचा हे सांगता येत नाही. इंजिनिअर म्हणून ही चूकच. बाबांच्या मते अर्थिंगचा, आणि त्यांच्याशी वाद घालायला माझ्याकडे पुरावा नाही.

जायच्या आदल्या दिवशी मी त्यांना मॉनिटरचे ते १२८ बाइट उघडून दाखवले. कंपनीची तीन अक्षरं, एकतिसावा आठवडा, २०१९. लांबी ५३ सेंटिमीटर, उंची ३०.

"हे तो स्वतः सांगतो?"

"हो."

बाबांनी आईच्या शिवणाच्या डब्यातली टेप मागवली, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नीट धरली.

"त्रेपन्नला तीन मिलिमीटर कमी आहे," म्हणाले. "चालतंय."